वाकडे दात, सरळ दात

काही मुले हसताना तोंडावर हात ठेवतात. दात वाकडे का येतात आणि ते सरळ कसे करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.

बदलापूरहून निघालेली लोकल अंबरनाथ, उल्हासनगर करत मुंबईकडे जाते. गर्दी वाढते. तीन जणांच्या बाकावर चौथा प्रवासी बसतो. मग कोणी पुढे सरकतो, कोणी तिरका बसतो. आपल्या तोंडातही असेच घडते. जबडा लहान आणि दात मोठे असले, की जागा पुरत नाही. दात एकमेकांवर चढतात.

लहान मुलांना २० दुधाचे दात असतात. साधारण सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात. दुधाचा दात म्हणजे कायमच्या दातासाठी राखून ठेवलेली जागा. तो किडून वेळेआधी पडला, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. मग नवा दात येणार कोठून? बरीच वर्षे अंगठा चोखल्यानेही वरचे दात पुढे येतात. कधी जबड्याची ठेवण आईवडिलांकडूनच येते. त्यात मुलाचा काही अपराध नसतो. म्हणून कोणालाही दातांवरून चिडवू नये.

तोंड मिटल्यावर वरचे व खालचे दात एकमेकांवर नीट बसले पाहिजेत. कोणाचे वरचे दात फार पुढे असतात, तर कोणाचा खालचा जबडा पुढे असतो. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली अशा दोषांचे तीन मुख्य वर्ग सांगितले. डॉक्टर आजही ते वापरतात. दात वेडेवाकडे असले, की त्यांच्यामध्ये अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही आणि कीड लागते.

दात तर हाडात घट्ट रोवलेला असतो. मग तो सरकतो कसा? डॉक्टर दातांवर छोटे ब्रॅकेट चिकटवतात व त्यांत तार बसवतात. तार दाताला हळूहळू ढकलते. दाब पडतो तेथील हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. या कामात घाई चालत नाही. बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. तार काढल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो.

काही जण घरीच दातांना रबर बांधतात. हे फार धोक्याचे आहे. रबर हिरडीत शिरते आणि चांगले दातही गमवावे लागतात. हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. त्यांच्याकडेच जावे. खर्चाची चिंता असेल, तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात उपचार होतात. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी करून घेणे चांगले. मात्र वय वाढले म्हणून निराश होऊ नये. दात व हिरड्या निरोगी असतील, तर मोठेपणीही दात सरळ करता येतात.

शब्दार्थ
ठेवण – रचना
अपराध – चूक, गुन्हा
रोवलेला – घट्ट बसवलेला
विरघळणे – हळूहळू नाहीसे होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लहान मुलांना किती दुधाचे दात असतात?
(आ) रिटेनर कशासाठी वापरतात?
२. कारणे लिहा.
(अ) दुधाच्या दातांचीही काळजी घ्यावी.
(आ) घरी दातांना रबर बांधू नये.
३. वाक्यात उपयोग करा : जागा न पुरणे, निराश होणे.
४. दातांवरून चिडवल्या जाणाऱ्या मित्राला किंवा मैत्रिणीला धीर देणारी पाच वाक्ये लिहा.