फांदी तोडण्यापूर्वीं

वैशाख सरत आला, म्हणजे ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील रस्त्यांवर एक दृश्य नित्य दिसूं लागतें. पावसाळ्यापूर्वीं झाडांच्या वाढलेल्या फांद्या उतरविण्याचें काम सुरू होतें. कोठें महानगरपालिकेची शिडीची गाडी उभी असते. तर कोठें एखाद्या सोसायटीच्या अंगणांत मजुरीनें बोलाविलेला मनुष्य अनवाणी पायांनीं, हातांत कोयता घेऊन व कमरेस एक जुना दोर बांधून वर चढत असतो. खालीं मुलें मौज पाहत उभीं असतात. हें काम किती जोखमीचें आहे, तें शास्त्रशुद्ध रीतीनें कसें करावें, आणि तें करवून घेणाऱ्याचें कर्तव्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम, हें काम करावें तरी कां लागतें? रानांतील झाडाची जीर्ण फांदी आपोआप गळून पडते व तेथेंच कुजून तिचें खत होतें. शहरांत त्याच फांदीखालीं शाळेची वाट असते, रिक्षा उभ्या असतात, विजेच्या तारा गेलेल्या असतात. शिवाय आपल्या रस्त्यांवरील कित्येक झाडें परदेशांतून आणलेलीं आहेत. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटांतला. ज्यास लोक रेन ट्री म्हणतात, तो वृक्ष मूळचा अमेरिका खंडांतला. दोन्ही झाडें लवकर वाढतात व गर्द सावली देतात. परंतु गुलमोहराचें लांकूड ठिसूळ, आणि रेन ट्रीच्या आडव्या फांद्या फार लांबवर पसरणाऱ्या. त्यांतच गटारें व केबली यांसाठीं खणतांना मुळें तुटतात, आणि बुंध्यापर्यंत सिमेंट आल्यानें उरलेल्या मुळांस हवा व पाणी मिळत नाहीं. ता. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां मुंबई व ठाणें येथें अनेक झाडें उन्मळून पडलीं. तात्पर्य, छाटणी आवश्यक आहे. प्रश्न आहे तो ती करण्याच्या रीतीचा.

आपल्या जिल्ह्यास हें काम नवें नव्हे. भाताच्या रोपासाठीं राब भाजण्यास ऐनाचा टाहाळ तोडणें हें येथील शेतकऱ्याचें पिढ्यानुपिढ्यांचें काम. कोंकणांतला शेतकरी कमरेस आकडी बांधतो व कोयता पाठीमागें तींत अडकवितो. हेतु हा, कीं चढतांना दोन्ही हात मोकळे राहावे. साधीच युक्ति, परंतु आजच्या शास्त्राचा एक मुख्य नियम तींत आला आहे: चढतांना हातांत हत्यार नसावें.

पवित्र शास्त्रांतील अनुवाद या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायांत एक उदाहरण आहे. एक मनुष्य शेजाऱ्याबरोबर लांकडें तोडण्यास रानांत जातो. कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटतें आणि शेजाऱ्याचा प्राण जातो. अशा मनुष्यास शास्त्रानें खुनी ठरविलें नाहीं, त्यास आश्रयाचें नगर दिलें; परंतु शेजारी तो गेलाच. हेतु निर्मळ असला, तरी सैल दांडा सैलच राहतो. म्हणून हत्याराची तपासणी कामापूर्वीं, काम चालू असतां नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, येथें थोडें गणित करूं. ३० सेंटीमीटर व्यासाची व ३ मीटर लांबीची फांदी घ्या. तिचें घनफळ सुमारें ०.२१ घनमीटर होतें. ओल्या लांकडाचें वजन घनमीटरास अदमासें १,००० किलोग्रॅम धरिल्यास ही एकच फांदी सुमारें २१० किलोग्रॅम भरते. म्हणजे तीन धडधाकट माणसांचा भार. ती १० मीटर उंचीवरून सुटली, तर दीड सेकंदाच्या आंत भूमीवर आदळते आणि तेव्हां तिचा वेग ताशीं ५० किलोमीटर झालेला असतो. एवढ्या अवधींत वरच्यास “सांभाळा” असें ओरडतां येईल. परंतु खालच्यास तें ऐकून, वर पाहून, बाजूस सरतां येणार नाहीं. यास्तव आरोळीवर विसंबून चालत नाहीं. माणसें आधींच दूर ठेवावीं लागतात.

कामाचा क्रम असा असावा. पहिलें पाऊल झाडावर नव्हे, झाडाभोवतीं. बुंध्याशीं अळंबें उगवलीं आहेत काय, खोड पोकळ आहे काय, दोन फांद्यांच्या बेचक्यांत चीर गेली आहे काय, मुळांजवळची माती उचलली गेली आहे काय, मधमाश्यांचें पोळें आहे काय, हें सर्व पाहावें. विजेची तार जवळ असल्यास महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही वर जाऊं नये. ओली फांदी विजेस वाट देते, आणि धातूची शिडी तर त्याहूनही. तारेस प्रत्यक्ष स्पर्श न करितांही मृत्यु ओढवूं शकतो. त्यानंतर खालची जागा दोरीनें अडवावी आणि एका माणसाचें काम केवळ पहाऱ्याचें ठेवावें. सबंध झाड पाडावयाचें असेल, तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत कामाबाहेरचें कोणीही नसावें.

साधनांत प्रथम हेल्मेट, डोळ्यांस चष्मा अथवा जाळी, व पायांत घट्ट पकडीचे बूट. कमरेस बांधलेला नुसता दोर पडणाऱ्यास अडवील खरा, पण सर्व झटका पोटावर व कण्यावर येईल. त्याऐवजीं मांड्या व कंबर यांवर भार वांटून घेणारा, झाडावरील कामासाठींच बनविलेला पट्ट्यांचा साज, म्हणजे हार्नेस, वापरावा. दोर रोज हातानें चांचपून पाहावा; तंतु तुटलेला अथवा उन्हानें कडक झालेला दोर टाकून द्यावा. करवत चालवितांना चढणाऱ्यानें दोन स्वतंत्र बंधनांनीं झाडास जोडलेलें असावें, म्हणजे चुकून एक कापलें गेलें, तरी दुसरें त्यास धरील.

यांत्रिक करवतीची गोष्ट निराळी. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. आज चेन-सॉ या नांवानें ती आपल्याकडे सर्वत्र दिसते. पण तिच्याबरोबर जी शिस्त यावयास हवी, ती मागेंच राहिली आहे. पात्याच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला, तर करवत क्षणांत चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून ती दोन्ही हातांनीं धरावी, खांद्यावर उचलून चालवूं नये, व साखळी थांबविणारा ब्रेक चालू स्थितींत असावा. कानांचें रक्षण करावें. या कामासाठीं खास विजार मिळते. तिच्या अस्तरांत लांब चिवट तंतूंचे थर असतात. करवत मांडीस लागतांच ते तंतु ओढले जाऊन चाकांत अडकतात आणि साखळी थांबते.

आतां प्रत्यक्ष कापण्याविषयीं. जड फांदी वरून एकदम कापली, तर ती अर्धी कापली जातांच स्वतःच्या भारानें खालीं झुकते व खोडाची साल लांबवर सोलून नेते. प्रसंगीं उलट फिरून कापणाऱ्यासच धडक देते. यास उपाय तीन कापांचा. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूनें, जाडीच्या चतुर्थांशाएवढा. दुसरा त्याच्या किंचित् पुढें, वरून. यानें फांदी स्वच्छ तुटून पडते. तिसऱ्यानें उरलेला खुंट काढावा. परंतु फांदी जेथें खोडास मिळते, तेथील फुगीर वलय न दुखवितां. अमेरिकेंतील वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनीं हजारों खोडें चिरून दाखविलें, कीं झाड आपली जखम माणसाप्रमाणें भरून काढीत नाहीं. तें कुजक्या भागाभोवतीं भिंती उभारून त्यास कोंडून ठेवितें. तें वलयच कापलें, तर कुजणें खोडांत शिरतें. आणि आज चुकीची छाटलेली फांदी कांहीं वर्षांनीं सबंध झाड धोक्याचें करिते. वर रंग अथवा डांबर फांसल्यानें ही चूक भरून येत नाहीं.

आणखी एक नियम फार थोड्यांस ठाऊक असतो. झाडावर कोणीही एकट्यानें काम करूं नये, आणि खालच्या माणसांत निदान एक तरी वर चढून सोडविण्यास समर्थ असावा. पट्ट्यांत लोंबकळत बेशुद्ध झालेल्या मनुष्याचें रक्त पायांत सांचतें, आणि थोड्याच वेळांत त्याचा जीव धोक्यांत येतो. अग्निशामक दलाची गाडी गर्दींतून येईपर्यंत थांबणें त्यास परवडत नाहीं.

शेवटीं पालकांस दोन शब्द. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणें शहरांतील झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून तोडणें हा गुन्हा आहे, मग तें आपल्या अंगणांतलें कां असेना. आणि २०२१ च्या सुधारणेनें ५० वर्षांवरील वृक्षांस विशेष संरक्षण मिळालें आहे. छाटणीसाठींही महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा. परंतु परवानगीनें झाडाचें रक्षण होतें; चढणाऱ्याचें रक्षण बोलाविणाऱ्यानेंच पाहावयाचें असतें. “किती घ्याल?” हा प्रश्न आपण पहिला विचारतों. त्याआधीं चार प्रश्न विचारावे: हेल्मेट व हार्नेस आहे काय? खालीं कोण उभें राहणार? वीज बंद झाली काय? कांहीं झालें, तर वर कोण जाणार? यांचीं उत्तरें नसलेला मनुष्य थोड्या पैशांत वर चढतो, याचा अर्थ उरलेली किंमत तो आपल्या प्राणानें भरण्यास तयार झाला आहे, आणि आपण ती घेण्यास.

त्याच अनुवाद पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. तो न केल्यानें कोणी पडल्यास दोष त्या घरावर येतो. घराचा कठडा आज आपण न सांगतां बांधतों. अंगणांतल्या झाडावर दुसऱ्याचा मुलगा चढत असतां त्याच्याभोवतींही तसाच कठडा असावा, ही त्या आज्ञेची आजची पूर्तता होय. आणि मुलांनो, तुमचें काम सर्वांत सोपें आहे: दोरी बांधलेली दिसली, म्हणजे तिच्या बाहेर राहा, आणि बांधलेली नसली, तर वडील माणसांस ती बांधावयास सांगा.