ॲप काढलं, तरी पैसे जातातच!

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पगार बरा, पण दर महिन्याला खात्यातून शे-दोनशेच्या कपाती होत राहतात. त्यातली काही ॲप तर मी कधीच काढून टाकली. हे थांबवायचं कसं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ॲप फोनमधून काढल्याने वर्गणी बंद होत नाही. तुम्ही दिलेली ऑटोपेची परवानगी बँकेकडे तशीच राहते. यूपीआयवरून दिली असेल, तर यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’मध्ये यादी दिसेल, तिथूनच ती रद्द करा. कार्डावरची परवानगी बँकेच्या संकेतस्थळावर शोधावी लागते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कपातीच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. ती येतेही, पण जाहिरातींच्या गर्दीत आपण वाचत नाही. नेहमीच्या वर्गण्यांना १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून कळतही नाही.

खरं सांगायचं, तर घेताना एक बटण आणि सोडताना सात पडदे, ही कंपन्यांची चलाखीच आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा सापळ्याला अनुचित ठरवलं आहे. (दिवसभर असेच पडदे आखणारे काही जण तुमच्या शेजारच्या टेबलावर असतील!)

माझं मत : दोन महिने न उघडलेलं सगळं बंद करा. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.