एकाचे बोलणे दुसऱ्याला कळते का?
(एन्क्रिप्शन लायब्ररींच्या परस्पर चाचण्या : एक अभ्यास)

वसतिगृहात बसून आपण महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतो किंवा मेसचे पैसे ऑनलाइन पाठवतो, तेव्हा दोन संगणक आधी एक ठराव करून घेतात. कोणती पद्धत वापरायची, किल्ली कशी ठरवायची, समोरचा खरा कशावरून, हे सगळे क्षणार्धात ठरते. या ठरावाला हँडशेक म्हणतात आणि त्याचे नियम टीएलएस या प्रमाणात लिहिलेले आहेत. टीएलएस 1.2 हे 2008 मध्ये आले, 1.3 ऑगस्ट 2018 मध्ये. नेटवर्क सिक्युरिटीच्या पेपरला हँडशेकची आकृती हमखास येते. पण आकृतीतला क्लायंट एकाने लिहिला आणि सर्व्हर दुसऱ्याने लिहिला तर काय होते, हा प्रश्न पेपरात येत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

एक घर, तीन स्वयंपाकघरे

फेडोरासारख्या लिनक्समध्ये हे काम करणारी एकच लायब्ररी नसते. ओपनएसएसएल सर्वांत जास्त वापरली जाते. जीनोमच्या अनेक प्रोग्रॅमखाली ग्नूटीएलएस असते. फायरफॉक्स मोझिलाची एनएसएस वापरतो. तिन्ही लायब्ररी वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात, स्वतंत्रपणे लिहिल्या. प्रत्येकीच्या स्वतःच्या हजारो टेस्ट आहेत आणि त्या पास होतात. मग अडचण काय?

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. निजामाच्या काळात आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि इथे हाली शिक्का चालायचा. शेजारची बार्शी इंग्रजी मुलखात, तिथे कलदार रुपया. हालीचा रुपया इकडे अस्सल, कलदार तिकडे अस्सल. पण हद्द ओलांडली की सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब करावा लागे. नाणे खरे आहे की नाही हे टाकसाळीत कळते, ते चालते की नाही हे मात्र हद्दीवरच कळते. लायब्ररीची स्वतःची टेस्ट म्हणजे टाकसाळ, परस्पर चाचणी म्हणजे हद्द.

किती जोड्या?

गणित सोपे आहे. तीन लायब्ररी, त्यातली एक सर्व्हर आणि दुसरी क्लायंट. अदलाबदल धरून 3 × 2 = 6 जोड्या. टीएलएसच्या दोन आवृत्त्या धरल्या की 12. सर्टिफिकेट आरएसएचे की ईसीडीएसएचे, म्हणजे 24. क्लायंटकडूनही सर्टिफिकेट मागायचे की नाही, 48. जुने संभाषण पुढे चालू करायचे की नव्याने सुरुवात, 96. अजून सायफर सूट मोजलेच नाहीत. चौथी लायब्ररी आणली की 6 च्या जागी 12 जोड्या होतात आणि सगळा आकडा दुप्पट होतो.

मी लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर या 96 चाचण्या एका शेल स्क्रिप्टमध्ये चालवतो. लागणारी साधने फुकट आहेत आणि लायब्ररीबरोबरच मिळतात. ओपनएसएसएलचे एस-सर्व्हर आणि एस-क्लायंट, ग्नूटीएलएसचे सर्व्ह आणि सीएलआय, एनएसएसचे सेल्फसर्व्ह आणि टीएसटीक्लायंट. सर्व्हर उभा करायचा, क्लायंट जोडायचा, एक ओळ पाठवायची, ती पोहोचली का पाहायचे. एवढेच. लिहायला चार-पाच संध्याकाळी पुरतात. खरे काम त्यानंतर सुरू होते, ते म्हणजे या चाचण्या राखण्याचे.

राखताना काय काय होते

पहिली गोष्ट नावांची. एकाच सायफर सूटला तिन्ही ठिकाणी वेगळी नावे किंवा वेगळी लिहिण्याची रीत आहे. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक तक्ता ठेवावा लागतो. किल्ल्यांचेही तसेच. ओपनएसएसएलला साधी पीईएम फाइल चालते, एनएसएसला स्वतःचा डेटाबेस लागतो, मधला पूल म्हणून पीकेसीएस-12 फाइल वापरतात. सप्टेंबर 2021 मध्ये ओपनएसएसएल 3.0 आले, त्यात आरसी-2 सारखे जुने अल्गोरिदम बाजूला काढून ठेवले. त्यामुळे जुन्या पद्धतीने बांधलेल्या पीकेसीएस-12 फाइली उघडेनात. फाइल तीच, पासवर्ड तोच, फक्त उघडणाऱ्याने नियम बदलला.

दुसरी गोष्ट तारखांची. चाचणीत कायमचे ठेवलेले सर्टिफिकेट एक दिवस मुदतबाह्य होते आणि सकाळी सगळा तक्ता लाल दिसतो. म्हणून सर्टिफिकेट दरवेळी चाचणीच्या सुरुवातीला नव्याने बनवावे. तसेच सर्व्हर उभा राहायला दोन सेकंद थांबा असे लिहू नये, पोर्ट उघडला का ते तपासून पुढे जावे. नाहीतर मशीनवर भार आला की चाचणी कधी पास, कधी नापास होते, आणि अशा चाचणीवर लवकरच कोणी विश्वास ठेवत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट हिरव्या रंगाची. ओपनएसएसएलचा एस-क्लायंट हे तपासणीचे साधन आहे. सर्टिफिकेट खोटे निघाले तरी तो तक्रार छापतो आणि जोडणी पुढे चालू ठेवतो. चूक दिसताच थांबायचे असेल तर तसा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तो न दिलेली चाचणी वर्षानुवर्षे हिरवी राहील आणि काहीच तपासणार नाही. यावर उपाय एकच, प्रत्येक पास होणाऱ्या चाचणीबरोबर एक नापास व्हायलाच हवी अशी चाचणी ठेवायची. मुदत संपलेले सर्टिफिकेट द्या, चुकीच्या नावाचे द्या, अनोळखी संस्थेने दिलेले द्या. तरी जोडणी झाली, तर लाल.

दोष कोणाचा?

चाचणी लाल झाली म्हणजे लायब्ररी चुकली असे नसते. फेडोरा 33 पासून (2020) टीएलएस 1.0 आणि 1.1 मूळ धोरणात बंद झाले. फेडोरा 41 मध्ये (2024) शा-1 वरच्या सह्या ओपनएसएसएलने नाकारायला सुरुवात केली. त्या दिवशी जुन्या चाचण्या नापास होणारच, आणि ते बरोबरच आहे. इथे चाचणी काढून टाकण्याचा मोह होतो. तसे न करता ती उलटी करावी, "आता हे जुळता कामा नये" अशी. उद्या कोणी चुकून ते दार पुन्हा उघडले तर हीच चाचणी ओरडेल.

उलट कधी खरोखर लायब्ररी चुकते. 30 मे 2020 रोजी अ‍ॅडट्रस्ट नावाच्या जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली. अनेक सर्व्हर तोपर्यंत जुनी साखळी पाठवत होते, पण नव्या मुळापर्यंत जाणारी दुसरी वाट उपलब्ध होती. ब्राउझरनी ती वाट शोधली. ओपनएसएसएल 1.0 च्या आवृत्त्या आणि तेव्हाची ग्नूटीएलएस मुदत संपलेल्या वाटेवरच अडली. सर्व्हर एकच, तारीख एकच, फायरफॉक्स उघडतो आणि शेजारची स्क्रिप्ट बंद पडते. "दोन वाटा, एक मुदतबाह्य" अशी चाचणी म्हणूनच तक्त्यात हवी.

कधी दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. जुलै 2014 मध्ये आपल्या देशातल्या एनआयसीच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेट निघाल्याचे उघडकीस आले. भारताच्या सीसीएचे मूळ सर्टिफिकेट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, मोझिलाच्या यादीत नव्हते. म्हणून विंडोजच्या यादीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमना धोका होता, फायरफॉक्सला नव्हता. हँडशेकचा कोड दोन्हीकडे नीट होता, फरक विश्वासाच्या यादीत होता. तुम्ही डाउनलोड केलेले ई-आधार अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडले की सहीवर प्रश्नचिन्ह दिसते ना? तेही याच जातीचे. सही खोटी नसते, वाचणाऱ्या प्रोग्रॅमला तिचे मूळ ओळखीचे नसते.

म्हणजे लाल दिसले की तीन प्रश्न विचारायचे : प्रमाण काय सांगते, धोरण काय सांगते, आणि चाचणी नेमके काय विचारते? उत्तर सापडले की ते चाचणीशेजारी दोन ओळींत लिहून ठेवायचे. पुढच्या वर्षी ती फाइल उघडणारा आपला ज्युनिअर असेल, त्याला आपण भेटूच असे नाही.

पुढे काय

ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेने क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या एमएल-केईएम पद्धतीचे प्रमाण जाहीर केले. एप्रिल 2025 मध्ये ओपनएसएसएल 3.5 मध्ये ती आली. तिच्या 768 प्रकारातली सार्वजनिक किल्ली 1184 बाइटची असते, जुन्या एक्स-25519 ची फक्त 32. क्लायंटचा पहिलाच निरोप एवढा फुगला की तो एका पॅकेटात मावेलच असे नाही. समोरच्याला दोन तुकडे जोडता येतात का? त्याला नवी पद्धत येत नसेल तर दोघे मुकाट्याने जुन्यावर येतात का? तक्त्यात आणखी रकाने वाढणार आहेत.

हे काम करायला मोठी लॅब लागत नाही. 4 जीबीचा लॅपटॉप, फेडोरा आणि चिकाटी पुरते. सहा जोड्यांपासून सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात एक तरी चाचणी मुद्दाम नापास करून पाहा. ती नापास होत नसेल, तर बाकीच्या पास झालेल्यांवर विसंबू नका. आणि तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर लॅबमधल्या त्या मशीनवरचा तक्ता पाहायला जरूर या. त्यातले बरेच रकाने अजून रिकामे आहेत.