वाढणाऱ्याचा मान
आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये 6:1-6

यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागलं, तशी कुरकुर सुरू झाली. मग या कामासाठी सात जण निवडले. त्यांची पात्रता पाहून मी थांबतो: चांगलं नाव, पवित्र आत्मा आणि ज्ञान. वाढायला एवढं कशाला? कारण कोणाचं ताट रिकामं राहिलं हे दिसायला डोळा लागतो, आणि आपला-परका न करता वाढायला मन लागतं.

लूक 22:27 मध्ये येशू स्वतःला वाढणाऱ्याच्या जागी ठेवतो. दोन्हीकडे मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे; ‘डीकन’ हा शब्दही त्याच कुळातला.

रविवारी उपासनेनंतर आपण सहकुटुंब हॉटेलात जातो. तिथला वेटर सकाळपासून उभा असतो. उशीर भटारखान्यात होतो, बोलणी तो खातो. सेवक झालेल्या प्रभूला नमन करायचं आणि त्याला चुटकी वाजवून बोलवायचं, हे एकत्र कसं चालेल? आज ‘दादा’ म्हणून हाक मारू या. निघताना ‘तुम्ही जेवलात का?’ एवढं विचारू या.

प्रार्थना: प्रभू, जे आम्हाला वाढतात त्यांच्यात तुला ओळखायला शिकव. आमेन.