देवळाच्या वाटेवरील फरसबंदी

बीड जिल्ह्यातील श्री क्षेत्र परळी वैजनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून पूजिले जाते. मंदिर उंचावर असून रुंद दगडी पायऱ्या चढून भाविक दर्शनास जातात. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (१७२५–१७९५) यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. अशा पुरातन देवस्थानांत गाभाऱ्याइतकीच वाटेवरील फरसबंदीही जतन करण्याजोगी असते.

मराठवाड्यातील काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थिजून तो निर्माण झाला. पाथरवट टाकी-हातोड्याने त्याचे चिरे घडवितात आणि गुण्या लावून कोन तपासतात. चालण्याच्या बाजूस टाकीचे बारीक घाव ठेवल्याने ओल्या दगडावरही पाय रोवतो. जमीन खणून मुरूम पसरावयाचा, पाणी शिंपून धुमसाने ठोकावयाचा, त्यावर वाळू अंथरून चिरे बसवावयाचे, ही पारंपरिक रीत होय. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून पाणसळीने पाहून किंचित उतार दिला जातो.

सांध्यांत चुना भरतात. भट्टीत भाजलेली चुनखडी पाण्यात विरवून, वाळूसह घाणीत मळून हा चुना सिद्ध होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो सावकाश कठीण होतो. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालची ओल वर येऊन सुकते. हेच सांधे सिमेंटने बुजविल्यास ओल आत कोंडते. तडा गेलेल्या जागेतून पाणी शिरून खालची वाळू वाहून जाते आणि चिरे डुगडुगू लागतात. सिमेंट काढताना दगडाच्या कडाही फुटतात.

महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी हजारो भाविक अनवाणी येतात. त्यांत वृद्धांची संख्या मोठी असते. अभिषेकाचे पाणी, तेल आणि बेलपत्रे पडलेली गुळगुळीत फरशी त्यांच्यासाठी धोक्याची ठरते. काळा दगड मात्र उन्हात तापतो. त्यावर मंडपाची सावली किंवा ओले काथ्याचे पायपोस हा उपाय आहे. त्यासाठी दगड उखडण्याचे कारण नाही.

चुन्यात बसविलेला चिरा निखळला, तरी तोच उचलून, खालचा थर सारखा करून पुन्हा बसविता येतो. दानशूर भक्तांनी चकचकीत नव्या फरशीऐवजी जुना चिरा पूर्ववत बसविण्यासाठी आणि जाणत्या पाथरवटाच्या मजुरीसाठी दान दिल्यास, शतकानुशतके भक्तांचे पाय लागलेली वाट पुढील पिढ्यांनाही लाभेल.