पाचोळ्याखालचं रान

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानगळीच्या जंगलात बरीच वर्षं काढली. त्यातून मनात पक्क्या बसलेल्या या काही गोष्टी.

१. उन्हाळ्यात माती मेलेली नसते. मे महिन्यात ढेकूळ चुरगळलं तर हाताला नुसती धूळ लागते, पण जिवाणू आणि बुरशी तिथेच तग धरून असतात. बनारस हिंदू विद्यापीठाच्या जे. एस. सिंग आणि सहकाऱ्यांनी विंध्य भागातल्या कोरड्या जंगलात हे मोजलं आणि १९८९ साली ‘नेचर’मध्ये मांडलं. सूक्ष्मजीवांच्या शरीरातलं नत्र आणि स्फुरद कोरड्या दिवसांत सर्वांत जास्त भरतं, पावसाळ्यात सर्वांत कमी. कणगी उन्हाळ्यात भरायची आणि पेरणीच्या वेळी उघडायची, तसंच हे.

२. पहिल्या सरीचं मोल फार मोठं. मृगाचा पाऊस तापल्या मातीत मुरला की कित्येक सूक्ष्मजीव फुटतात आणि उरलेले त्यांच्यावर पोसले जातात. काही तासांतच मातीचा श्वास वाढतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर याचा अभ्यास केला, म्हणून याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. मोकळं झालेलं नत्र उचलायला मुळं जागेवर हवीत. ती नसतील तर ते पाण्याबरोबर वाहून जातं.

३. झाड बदललं की खालची वस्ती बदलते. खैर आणि शिसवाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. नत्र भरपूर असलेला पाला लवकर कुजतो, चिवट पाला बुरशीलाच फोडावा लागतो. श्रावणात सागाखालचा ओला थर उचलून बघा. वरचं पान अख्खं, त्याखालच्याची नुसती शिरांची जाळी उरलेली, आणि दोन पानांच्या मध्ये बुरशीचे पांढरे धागे.

४. रोपासोबत मातीही न्यावी. सागाच्या मुळांत राहणारी बुरशी मुळं पोचत नाहीत तिथून स्फुरद आणून देते. म्हणून रोपवाटिकेच्या पिशवीत जुन्या झाडाखालची मूठभर माती मी आवर्जून घालतो.

५. पाला जाळू नये. मोहफुलं वेचायला आणि तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणून आग लावतात, तीच पुढे वणवा होते. पाल्यातलं नत्र धुरात जातं, वरच्या थरातले जीव होरपळतात आणि उघडी माती पहिल्याच पावसात धुपते. मोहाखाली झाडून घेतलं किंवा जाळी अंथरली तरी फुलं मिळतात. तेंदूची झुडपं छाटली तरी पानं फुटतात. वेचणाऱ्यांचं पोट या रानावरच आहे, त्यामुळे जाळीचा आणि छाटणीचा खर्च त्यांच्या माथी मारू नये, तो आपण सगळ्यांनी उचलावा.