जुन्या दप्तराला नवे बिऱ्हाड : लिनक्स संगणकावरील आभासी यंत्र

कृष्णाकाठच्या माणसाला दप्तराची किंमत निराळी सांगावी लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-वारणेच्या पुराने सांगली जिल्ह्यातील मिरज, पलूस, वाळवा व शिराळा या तालुक्यांना वेढले. २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याने दरडींचे संकटही सोसले. पाणी घरात शिरते, तसेच ते कार्यालयातील कपाटांत आणि संगणकांतही शिरते.

दप्तरावर दुसरेही एक संकट आहे; मात्र ते गाजावाजा न करता येते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. असे संगणक मोडीत न काढता त्यांवर विनामूल्य लिनक्स प्रणाली बसविणे हा काटकसरीचा मार्ग होय. परंतु श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या विंडोजवरील साधनांनी, युनिकोडपूर्व टंकांत तयार केलेली जुनी कागदपत्रे उघडावयाची कशी? याचे उत्तर म्हणजे आभासी यंत्र.

आभासी यंत्र म्हणजे काय?

साताऱ्या-सांगलीकडील जुन्या वाड्यात बिऱ्हाडकरू राहतो. त्याची चूल वेगळी, दार वेगळे. पण जमीन, भिंती व आडाचे पाणी वाड्याचेच असते. त्याचप्रमाणे लिनक्स ही यजमान प्रणाली आपली स्मृती व साठवण यांतील काही भाग तोडून देते आणि त्यात विंडोज ही पाहुणी प्रणाली स्वतंत्रपणे नांदते. ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९७२ मध्येच आपल्या मोठ्या संगणकांसाठी अशी प्रणाली बाजारात आणली होती.

निवड कशी करावी?

लिनक्सवर तीन पर्याय प्रामुख्याने विचारात घ्यावे लागतात. पहिला केव्हीएम. हा २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. तो हाताळण्यासाठी ‘व्हर्ट-मॅनेजर’ ही खिडकी वापरतात. दुसरा ओरॅकल कंपनीचा व्हर्च्युअलबॉक्स. नवशिक्यास तो सोपा वाटतो आणि यजमान व पाहुणा यांच्यात सामाईक फोल्डर ठेवणे त्यात सुलभ असते. त्याचा मूळ भाग मुक्त आहे; मात्र ‘एक्स्टेंशन पॅक’ हा जोडभाग कार्यालयीन वापरासाठी विनामूल्य नाही, हे ध्यानात ठेवावे. तिसरा व्हीएमवेअर वर्कस्टेशन. तो नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना विनामूल्य झाला. तथापि त्याचा मूळ कार्यक्रम मुक्त नाही. ज्या कार्यालयात संगणक-जाणकार सहज मिळत नाही, तेथे लिनक्सबरोबरच अद्ययावत होणारा केव्हीएम श्रेयस्कर. शाळेत शिकविण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स सोयीचा. दोन्ही एकाच वेळी चालवू नयेत; त्यांची आपसांत अडवणूक होते.

बसविण्याचा क्रम

१. संगणक सुरू होताना बायोस उघडून इंटेलची ‘व्हीटी-एक्स’ किंवा एएमडीची ‘एएमडी-व्ही’ ही सोय चालू करावी. ती बंद असल्यास पुढील श्रम वाया जातात.

२. लिनक्स अद्ययावत करून तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर भांडारातून व्हर्ट-मॅनेजर घ्यावा. वापरकर्त्याचे नाव ‘लिबव्हर्ट’ गटात घालून पुन्हा प्रवेश करावा.

३. व्हर्च्युअलबॉक्स निवडल्यास व संगणकात ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास बसविताना संकेतशब्द विचारला जाऊ शकतो. तो लिहून ठेवावा. संगणक पुन्हा सुरू होताना तोच देऊन किल्लीची नोंद करावयाची असते.

४. नवे यंत्र निर्माण करताना यजमानाचा वाटा राखावा. एकूण स्मृती ८ जीबी असल्यास पाहुण्यास ४ जीबी पुरे. साठवण सुमारे ६० जीबी द्यावी.

५. पाहुण्या विंडोजसाठीही रीतसर परवाना लागतो. मदत संपलेल्या विंडोजचे इंटरनेट यंत्राच्या मांडणीतूनच बंद करावे. जुन्या साधनास यूएसबी किल्ली लागत असल्यास ती पाहुण्याकडे सोपविता येते.

प्रत दुसऱ्या गावी

या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ असा, की संपूर्ण पाहुणा संगणक म्हणजे अखेर एक-दोन मोठ्या फाइली असतात. पाहुणा बंद करून त्या फाइली, यंत्राच्या मांडणीच्या नोंदीसह, बाहेरच्या डिस्कवर उतरविल्या, की दुसऱ्या लिनक्स संगणकावर तेच दप्तर पुन्हा उभे राहते. ‘स्नॅपशॉट’ हा मात्र प्रतीला पर्याय नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो व तिच्याबरोबरच बुडतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी एक प्रत काढून ती पूररेषेच्या बाहेर, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवावी आणि ती उघडते की नाही हे एकदा पाहावे. जुनी कागदपत्रे हळूहळू युनिकोडमध्ये आणण्याचे कामही याच काळात हाती घ्यावे. कारण बिऱ्हाड ही सोय आहे, कायमचे घर नव्हे.

आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. आजही वर पडलेला पाऊस खाली पूर होऊन येतो. तेव्हा वरच्या गावाने खालच्या गावाची प्रत सांभाळावी, हा शेजारधर्म दोन्ही जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींना व शाळांना सहज आचरता येण्यासारखा आहे.